आउट-ऑफ-स्टेट पब्लिक युनिव्हर्सिटी मिळालीय, जायचं का? दोन पोरांच्या फिया भरलेल्या आईचा हिशोब

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाडव्याच्या गुढ्यांच्या फोटोंमध्येच "मिशिगन झालं!!", "इलिनॉय मिळालं पण सीएस (कॉम्प्युटर सायन्स) नाही" असले मेसेज सुरू होतात, सगळे पेढे मागतात, आणि दोनेक दिवसांनी मला वेगळा फोन येतो, जरा दबक्या आवाजात, की अगं वर्षाला ऐंशी हजार डॉलर म्हणतायत गं, आणि इथे न्यूजर्सीचं स्वतःचं रटगर्स तर आहेच, काय करायचं. मी काही काउन्सेलर नाही. माझा मोठा मुलगा रटगर्सला शिकला आणि धाकटी २०२३ पासून इंडियानात पर्ड्यूला आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण दोन्हीकडच्या फिया भरल्यात आणि दोन्हीकडे चुका केल्यात, तर दर वर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. मी न्यूजर्सीत राहते म्हणून उदाहरणं इथली, तुम्ही तुमचं स्टेट टाकून वाचा.

आधी ही भानगड काय ते

पब्लिक युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्या डोक्यात सरकारी कॉलेज येतं आणि सरकारी म्हणजे स्वस्त. स्वस्त असतं, पण त्या स्टेटच्या लोकांना (इन-स्टेट), बाहेरच्या स्टेटच्या पोरांना (आउट-ऑफ-स्टेट) नाही. त्यांनी तिथे टॅक्स भरलाय, आपण न्यूजर्सीला भरला. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला होम युनिव्हर्सिटी आणि बाहेरची युनिव्हर्सिटी असा ७०:३० चा कोटा असायचा ना, पुण्याच्या पोराला नागपूरला जागा कमी आणि नागपूरच्या पोराला पुण्यात कमी, तसंच समजा, फक्त तिथे भांडण जागेचं होतं आणि इथे जागेचं आणि पैशाचं दोन्ही आहे.

जागेचं म्हणाल तर प्रत्येक स्टेटची तऱ्हा वेगळी. यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) टेक्सासच्या कायद्यानेच फ्रेशमनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, ९० टक्के जागा टेक्सासच्या पोरांना जातात. कॅलिफोर्नियाच्या यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) २०१७ मध्ये बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली (बर्कली, यूसीएलएसारख्या ज्या कॅम्पसवर आधीच त्याहून जास्त होते तिथे होते तेवढ्यावर थांबवलं). उलट मिशिगनला बाहेरची पोरं निम्म्याच्या आसपास आणि अलाबामा, व्हरमाँटला तर निम्म्याहून जास्त. २००८ च्या मंदीनंतर बऱ्याच स्टेटांनी युनिव्हर्सिट्यांचे पैसे कापले आणि बाहेरच्यांची फी हा त्यांच्यासाठी मोठा आधार झाला. पोराने मेहनतीने मिळवलंय, कौतुक करा, पेढे वाटा. पण पत्रावर काँग्रॅच्युलेशन्स कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी त्यांच्या लेखी आपण फुल तिकीट काढलेले प्रवासी आहोत हे विसरू नका.

पायरी १: चार वर्षांचा आकडा काढा, एका वर्षाचा नाही

वेबसाइटवर ट्यूशन अँड फीज असा एक आकडा असतो आणि कॉस्ट ऑफ अटेंडन्स असा दुसरा. दुसराच बघा, त्यात राहणं, खाणं, पुस्तकं, वरखर्च सगळं येतं.

आता मोकळेपणाने आकडे. रटगर्सला इन-स्टेटला ट्यूशन-फी अठरा हजार डॉलरच्या आसपास, हॉस्टेल आणि मेसचं धरून वर्षाचे ४० हजारांच्या जवळ जातात. पर्ड्यूला बाहेरच्यांची ट्यूशन २८,७९४ डॉलर आणि गंमत म्हणजे २०१३ पासून त्यांनी ट्यूशन वाढवलेलीच नाही, इंजिनिअरिंगची वेगळी फी त्यावर लागते, पण राहणं-खाणं आमच्याकडच्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे एकूण ४२ ते ४४ हजारांत बसतं. इलिनॉयला इंजिनिअरिंग घेतलं तर साठच्या पुढे जातं, कारण तिथे मेजरप्रमाणे (मुख्य विषयाप्रमाणे) रेट बदलतो. मिशिगनला बाहेरच्यांना नुसती ट्यूशनच साठच्या पुढे, एकूण ऐंशीच्या वर, आणि तिसऱ्या वर्षापासून अपर डिव्हिजनचा रेट आणखी चढा. यूसीला २०२५ च्या फॉलला नव्याने आलेल्या बाहेरच्या पोरांना नेहमीच्या फीवर ३७,६०२ डॉलर जादा लागले, फक्त बाहेरचे आहेत म्हणून.

म्हणजे बघा, "आउट-ऑफ-स्टेट म्हणजे महाग" हे सरसकट खरं नाही. एकीकडे फरक चार-पाच हजारांचा आहे आणि दुसरीकडे चाळीस हजारांच्या वर. हे दोन प्रश्न एका तराजूत घालूच नका. आणि कृपा करून रुपयात करू नका, झोप उडते आणि उपयोग शून्य.

मग वाढ धरा. पर्ड्यूसारखं गोठवलेलं सोडलं तर बाकी ठिकाणी दर वर्षी तीन-चार टक्के वाढ धरायची. ८० हजारावर ४ टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे ३ लाख २० हजार होत नाहीत, ३ लाख ४० हजारांच्या जवळ होतात. हा वरचा वीस हजारांचा खड्डा बहुतेकांच्या हिशोबात नसतो.

आणि मग ते खर्च जे कुठल्याच साइटवर नीट लिहिलेले नसतात:

प्रवास. थँक्सगिव्हिंग, विंटर ब्रेक, स्प्रिंग ब्रेक आणि उन्हाळा, म्हणजे चार वेळा येणंजाणं, शिवाय सामान घेऊन आपण सोडायला जाणार, परत आणायला जाणार. आमचं नुअर्क ते इंडियानापोलिस विमान आणि पुढे पासष्ट मैल शटल. मिशिगनवाल्यांच्या ॲन आर्बरला डेट्रॉइट एअरपोर्ट जवळ, पंचवीसेक मैल. इलिनॉयवाल्यांचं शँपेन शिकागोपासून १३५ मैल, ॲमट्रॅकची ट्रेन जाते. हे मैल विमानाच्या तिकिटाइतकेच महत्त्वाचे आहेत हो, कारण रात्री साडेअकराला फ्लाइट लेट झाली की शेवटची बस गेलेली असते आणि मग पोरगं एअरपोर्टवर आणि आपण इथे बेडवर डोळे उघडे ठेवून.

हेल्थ इन्शुरन्स. ही आमची चूक, म्हणून जरा थांबून सांगते. युनिव्हर्सिटीचा प्लॅन महाग वाटला म्हणून आम्ही तो वेव्ह केला, म्हणजे नको म्हणून कळवलं, आमच्या ऑफिसचा आहे की म्हटलं. आमचा निघाला एचएमओ, म्हणजे न्यूजर्सीच्या नेटवर्कबाहेर इमर्जन्सी सोडून काहीच नाही. फेब्रुवारीत लेकीचा घसा धरला, ती अर्जंट केअरला गेली, आणि अडीचशे डॉलरचं बिल सरळ घरी. घसाच होता म्हणून अडीचशेवर भागलं. तुमचा प्लॅन पीपीओ (नेटवर्कबाहेरही काही भाग देणारा) आहे का एचएमओ, त्या गावात नेटवर्कमधले डॉक्टर आहेत का, हे वेव्ह करण्याआधी फोन करून विचारा.

दुसऱ्या वर्षाचं घर. मोठ्या युनिव्हर्सिट्यांत पहिल्या वर्षानंतर बरीच पोरं हॉस्टेलबाहेर राहतात, आणि पुढच्या ऑगस्टच्या घराचं लीज आदल्या ऑक्टोबरातच सह्या करायला घेतात. म्हणजे पोरगं तिथे जाऊन दोन महिने झालेत, मित्र कोण हेही धड ठरलेलं नाही आणि बारा महिन्यांचं लीज समोर. आईबापांना गॅरंटर म्हणून सही करावी लागते, आणि जॉइंट लीज असेल तर रूममेट पळाला तरी त्याचं भाडं उरलेल्यांच्या डोक्यावर. बारा महिन्यांचं भाडं, राहणार नऊ महिने. उन्हाळ्यात सबलेट होईल असं सगळे म्हणतात, पण उन्हाळ्यात त्या गावात घर घेणारं असतं कोण?

पाचवं वर्ष. मेजर बदललं किंवा एखादा कोर्स भरला म्हणून सेमिस्टर लांबलं तर चाळीस हजार आणखी. प्रत्येक युनिव्हर्सिटी कॉमन डेटा सेट नावाचं रटाळ डॉक्युमेंट काढते, युनिव्हर्सिटीच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधा. त्यात बी सेक्शनमध्ये चार वर्षांत किती टक्के पोरं पास होतात ते असतं, सहा वर्षांचा आकडा वेगळा असतो, ब्रोशरवर नेहमी सहावाला छापतात. आय सेक्शनमध्ये क्लास किती मोठे ते असतं आणि एच मध्ये गरज नसलेल्यांना मेरिटवर किती जणांना किती पैसे मिळाले ते. टूर गाइडपेक्षा मला तर हे रटाळ डॉक्युमेंटच जास्त बोलकं वाटलं.

आता पैसे येणार कुठून. ५२९ मध्ये (कॉलेजसाठीचं बचत खातं) किती आहेत, पगारातून दर महिन्याला किती निघतात, आणि उरलेलं कर्ज. पोराच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, म्हणजे चार वर्षांचे २७ हजार. बस. आधी उरलेली दरी पॅरेंट प्लस लोनने (आईबापांच्या नावावरचं फेडरल लोन) पूर्ण भरता यायची, पण १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना पॅरेंट प्लस वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार एवढंच. त्यापुढे प्रायव्हेट लोन, आणि त्याचं व्याज बघितलं की चहा गार होतो. टॅक्स क्रेडिट मिळतं वर्षाला २,५०० पर्यंत, पण जोडीचं इन्कम १ लाख ८० हजाराच्या वर गेलं की शून्य, त्यामुळे दोघं आयटीत असाल तर सोडून द्या.

४०१के ला, म्हणजे रिटायरमेंटच्या पैशांना, हात लावायचा नाही. यावर माझं आणि नवऱ्याचं भांडण झालंय, मी जिंकले.

पायरी २: फरकाच्या पैशात काय विकत घेताय ते एका वाक्यात लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच लोक टाळतात. होम स्टेटचा चार वर्षांचा आकडा आणि बाहेरचा चार वर्षांचा आकडा, वजाबाकी करा, आणि त्या वजाबाकीखाली पोराला पेनाने एक वाक्य लिहायला सांगा: हे जास्तीचे पैसे कशासाठी. "नाव मोठं आहे" चालणार नाही. "सगळे फ्रेंड्स जातायत" नाही. "व्हाइब आवडला" तर नाहीच नाही.

चालणारी वाक्यं कशी असतात? आमच्या ओळखीच्या एका मुलाला न्यूक्लियर इंजिनिअरिंग करायचं होतं, ते रटगर्सला नाही, पेन स्टेट, मिशिगन, पर्ड्यूला आहे, विषय संपला. माझ्या लेकीला एरोस्पेस करायचं होतं. आता ते इथेही आहे. पण तिने लिहिलं की चार वर्षांत साधारण पंचवीस हजार जास्त देऊन (प्रवास धरून) मला खूप मोठं डिपार्टमेंट मिळतं, झुक्रो लॅब मिळते जिथे रॉकेट इंजिनं टेस्ट करतात, आणि इंडस्ट्रियल राउंडटेबल नावाचा करिअर फेअर मिळतो जिथे कंपन्या स्वतः येतात. नील आर्मस्ट्राँग तिथलाच हे तिने वाक्यात लिहिलं नाही, पण आजोबांना फोनवर तेवढंच सांगितलं आणि साताऱ्याहून लगेच परवानगी मिळाली.

तिलाच मिशिगनही मिळालं होतं. तिथे फरक निघाला १ लाख ७० हजारांच्या वर. तिने वाक्य लिहायला घेतलं, दोनदा खोडलं, आणि मग स्वतःच म्हणाली, आई याचं वाक्य होत नाहीये. मी एक शब्द बोलले नाही. (आतून नाचत होते.)

माझं मत विचाराल तर फरक चार वर्षांत तीस-चाळीस हजारांच्या आत असेल आणि वाक्य खरं असेल तर जाऊ द्या, दुनिया बघू द्या. फरक लाखाच्या वर असेल आणि तो कर्ज काढून भरायचा असेल तर वाक्य फारच भक्कम पाहिजे. ज्यांना पुढे मेडिकलला जायचंय त्यांनी तर अंडरग्रॅडला पैसे वाचवलेलेच बरे, पुढे त्याहून मोठं बिल आहे, आणि स्टेटची मेडिकल स्कूल्स बहुतेक आपल्या स्टेटच्या मुलांनाच झुकतं माप देतात.

पायरी ३: युनिव्हर्सिटी मिळालीय का मेजर मिळालाय?

इथे भलेभले फसतात. पत्रात "अंडिक्लेअर्ड" किंवा "प्री" (म्हणजे मेजर अजून पक्का नाही) असं काहीतरी छोट्या अक्षरात असतं आणि आपण युनिव्हर्सिटीचं नाव बघून स्टेटस टाकून मोकळे. कॉम्प्युटर सायन्सचं तर विचारूच नका. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला सीएस थेट मेजरमध्ये मिळतं, तसं मिळालं नसेल तर आत जाऊन मिळवायच्या जागा अगदी थोड्या. इलिनॉयला दुसऱ्या मेजरमधून सीएसमध्ये उडी मारणं जवळपास बंद. पर्ड्यूला इंजिनिअरिंगची सगळी पोरं पहिलं वर्ष एकत्र काढतात आणि मग पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आपापल्या शाखेत जातात, म्हणजे माझ्या लेकीला एरोस्पेस हातात नव्हतं मिळालेलं, ते वर्षभर कमवायचं होतं, आणि ते वर्ष कसं गेलं ते मला विचारा.

तर डिपार्टमेंटला ईमेल करा, पोराने करायचा, आपण नाही, आणि तीनच प्रश्न विचारा: मी आत्ता या मेजरमध्ये आहे का, नसेन तर कुठल्या ग्रेडवर मिळतो, आणि मागच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांना मिळाला. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे. एपी (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज लेव्हलच्या कोर्सचे) क्रेडिट कुठले घेतात तेही आत्ताच बघा, प्रत्येकाची यादी वेगळी, आणि क्रेडिट जास्त असले की कोर्स रजिस्ट्रेशनला आधी नंबर लागतो, चाळीस हजार पोरांच्या गावात याला फार किंमत आहे.

पायरी ४: सूट

वेस्टला डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) नावाची योजना आहे, त्या भागातल्या स्टेटची पोरं दुसऱ्या स्टेटच्या ठरावीक युनिव्हर्सिट्यांत इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट फीवर शिकू शकतात. मिडवेस्टला तसंच एक आहे, साउथला ॲकॅडेमिक कॉमन मार्केट आहे, न्यू इंग्लंडवाल्यांचं वेगळं. न्यूजर्सी, न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनिया यातल्या कशातच नाहीत. आपलं नशीब. आणि जी मोठी नावं आपल्याला हवी असतात ती या यादीत सहसा नसतातच.

मेरिट स्कॉलरशिपचं म्हणाल तर मिशिगन-यूसीकडून फार आशा ठेवू नका. अलाबामा मात्र जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि टेस्ट स्कोअरवर थेट पैसे देतं, तक्ता साइटवरच असतो, आणि नॅशनल मेरिट फायनलिस्टला (पीएसएटी परीक्षेतून निवडलेल्या पोरांना) ट्यूशन माफ करतं. आपल्याकडे अलाबामा म्हटलं की लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. स्कॉलरशिप मिळाली तर चारही वर्षं आहे का आणि किती जीपीए टिकवावा लागतो ते वाचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला साडेतीन टिकवणं खाऊ नाही.

"एक वर्ष राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे इन-स्टेट फी, मिळते ना?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. बहुतेक ठिकाणी नाही. शिकायला आलात तर ते राहणं धरत नाहीत, आईबाप न्यूजर्सीत टॅक्स भरतायत आणि पोराला डिपेंडंट दाखवतायत म्हटल्यावर तर विषयच नाही. यूटा आणि मिझुरीसारख्या थोड्या स्टेटमध्ये पहिल्या वर्षानंतर अटी पाळून इन-स्टेट होता येतं. बाकी ठिकाणी चार वर्षं पूर्ण रेटच धरा आणि त्यावरच निर्णय घ्या.

पायरी ५: एच-४ वाल्यांनी हे सगळ्यात आधी वाचा

माझी पोरं इथे जन्मलेली म्हणून आम्हाला हे बघावं लागलं नाही, पण मैत्रिणीच्या घरी जे झालं ते जवळून बघितलं. तिचा मुलगा तिसरीत असताना आला, इथेच वाढला, बोलतो अगदी जर्सीच्या पोरांसारखा, आणि ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे.

एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) फेडरल लोन, ग्रँट काही नाही. काम करता येत नाही, म्हणजे पगारी इंटर्नशिपही नाही. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या ऐन मध्यात कधीतरी एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर जावंच लागतं. एफ-१ वर गेलं की सीपीटीवर (शिकतानाची कामाची परवानगी) इंटर्नशिप करता येते, पुढे ओपीटीचे (डिग्रीनंतरची कामाची परवानगी) बारा महिने आणि स्टेम (सायन्स, इंजिनिअरिंगसारखे विषय) असेल तर आणखी चोवीस. पण बऱ्याच स्टेटमध्ये एफ-१ ला इन-स्टेट फी मिळत नाही.

आता इथे एक उलटी गोष्ट आहे जी तिच्या लक्षात उशिरा आली. होम स्टेटमध्ये एच-४ राहिलं तर फी कमी पण इंटर्नशिप नाही, एफ-१ केलं तर इंटर्नशिप आहे पण फी वाढण्याची भीती. बाहेरच्या स्टेटमध्ये मात्र फी तशीही पूर्णच भरताय, त्यामुळे सुरुवातीलाच एफ-१ केलं तर फीमध्ये काही गमवत नाही आणि पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झालं की पोरगं कामाला लागू शकतं. म्हणजे एच-४ च्या मुलांसाठी इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेटमधला खरा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कमी असू शकतो. तर होम स्टेटच्या युनिव्हर्सिटीला स्पष्ट विचारा की स्टेटस बदलल्यावर माझी फी काय होईल, आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नाही. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला विचारा की स्कॉलरशिपसाठी तुम्ही याला डोमेस्टिक धरता का इंटरनॅशनल, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं.

इथे राहूनच स्टेटस बदलायचा अर्ज केला असेल तर तो पेंडिंग असताना भारतात लग्नाबिग्नाला पाठवू नका, देशाबाहेर गेलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि एरोस्पेस-डिफेन्सच्या बऱ्याच नोकऱ्यांना सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालेच लागतात, त्यासाठी जास्तीची फी भरणार असाल तर आधी वकिलाशी बोला.

पायरी ६: पोरगं कसं आहे?

हे आकड्यात येत नाही आणि आईला सगळ्यात आधी कळतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीच्या लेक्चरला तीनशे पोरं असतात, प्रोफेसर लांब कुठेतरी मुंगीएवढा, आणि शंका विचारायची तर टीएकडे (शिकवायला मदत करणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याकडे) किंवा ऑफिस अवर्सना. तिथे सगळं आहे, रिसर्च आहे, क्लब आहेत, ट्यूटरिंग फुकट आहे, पण कोणी येऊन हाताला धरून देणार नाही. मागणाऱ्याला मिळतं, बसून राहणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

माझी परीक्षा साधी होती. बारावीच्या वर्षात डेंटिस्टची अपॉइंटमेंट लेकीने स्वतः फोन करून घ्यायची, बँकेचा घोळ स्वतः निस्तरायचा, टीचरला चुकलेल्या मार्कांचं स्वतः सांगायचं. तिने तिन्ही केलं, कुरकुरत केलं पण केलं. मोठ्या मुलाने त्याच्या वेळी डेंटिस्टचा फोन तीन महिने टाळला होता. तो रटगर्सला गेला हे फार बरं झालं, पाऊण तासावर घर, शुक्रवारी कपड्यांची बॅग घेऊन यायचा, दुसऱ्या वर्षी सूर सापडला आणि मग यायचा बंद झाला. तिथेही पोरं हजारोच आहेत आणि बसने या कॅम्पसवरून त्या कॅम्पसवर धावावं लागतं, पण पडला तर उचलायला आम्ही जवळ होतो.

मोठ्या जागेत लहान जागा शोधा, ऑनर्स कॉलेज, लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी, मार्चिंग बँड, काहीही. लेकीला पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलींनी तारलं, होमवर्क एकत्र, रडारड एकत्र.

पायरी ७: कॅम्पसवर जा, पण मंगळवारी

फुटबॉलच्या शनिवारी गेलात तर कुठलीही युनिव्हर्सिटी स्वर्ग वाटते. एप्रिलमधल्या कुठल्या तरी कंटाळवाण्या मंगळवारी जा. टूर घ्या आणि विसरून जा. मग पोराला एकट्याला मोठ्या लेक्चर हॉलमध्ये मागे बसवा, आणि तुम्ही डायनिंग हॉलमध्ये सेकंड इयरच्या पोरांना विचारा की ॲडवायझरची अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, हवा तो कोर्स मिळाला का, वीकेंडला गाव रिकामं होतं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बहुतेक पोरं त्याच स्टेटची, शुक्रवारी घरी पळणारी असली तर बाहेरून आलेलं पोर हॉस्टेलमध्ये एकटं पडतं.

इंडियन ग्रोसरी मी बघून आले, खोटं कशाला बोलू. लेक तिथे एकदाही गेली नाही.

पायरी ८: १ मे

१ मे ही बहुतेक ठिकाणची शेवटची तारीख, महाराष्ट्र दिनीच येते म्हणून विसरत नाही. डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा, दोन ठिकाणी भरून ठेवणं हे लबाडी समजतात आणि कळलं तर ॲडमिशन जाऊ शकते. वेटलिस्ट असेल तर एकीकडे डिपॉझिट भरून वेटलिस्टवर राहता येतं, ते चालतं. फीबद्दल आणखी काही मिळेल का असं विचारायला लाजू नका, पब्लिकवाले फारसे हलत नाहीत, पण नोकरी गेली, आजारपण आलं असं काही खरं असेल तर कागद जोडून लिहा. हाउसिंगचा अर्ज आणि त्याची फी वेगळी असते, ती तारीख वेगळी लिहून ठेवा, आमच्या ओळखीचं एक पोर यात राहिलं आणि कॅम्पसपासून पार लांबच्या हॉस्टेलमध्ये पडलं.

अठरा पूर्ण झाले की फर्पा कायद्याने पोराचे मार्क युनिव्हर्सिटी आपल्याला सांगत नाही, फी आपण भरत असलो तरी. बहुतेक ठिकाणी त्याने पोर्टलवर परवानगी दिली तरच. आणि हॉस्पिटलही सांगेल असं नाही, म्हणून जुलैमध्ये हेल्थ केअर प्रॉक्सी आणि मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नीवर (त्याच्या वतीने आपल्याला बोलायचा हक्क देणारे कागद) सह्या करून घ्या, स्कॅन फोनमध्ये ठेवा. थँक्सगिव्हिंगचं तिकीट ऑगस्टमध्येच काढा. थंडीचा जाड कोट मात्र इथून विकत घेऊन देऊ नका, आम्ही दिला, तिकडच्या वाऱ्यात तो ओढणीसारखा ठरला, आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच दुसरा घ्यावा लागला.